गांजाचे व्यसन आणि त्यावरील उपचार : उत्तर कोकणाच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

१. विषयप्रवेश

पालघर, बोईसर आणि तारापूर हा प्रदेश १ ऑगस्ट २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात मोडत असे. त्या दिवशी स्वतंत्र पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे या प्रदेशाचा अबकारी, वेड्यांची इस्पितळे आणि मादक द्रव्ये यांविषयीचा जुना इतिहास शोधू जाणारास तो ठाण्याच्या व त्यापूर्वी वसईच्या नावाखाली शोधावा लागतो. प्रस्तुत टिपणात या इतिहासातील काही टप्प्यांचा विचार करावयाचा आहे. गांजाच्या आहारी गेलेल्या माणसास समाज व सरकार यांनी वेळोवेळी कोणत्या नावाने ओळखले आणि त्या नावाप्रमाणे त्याच्यावर कोणता इलाज केला, एवढाच येथील प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखक हा भाषाशास्त्राचा अभ्यासक आहे; वैद्यकाचा नव्हे. या विषयाकडे वळण्यास एक साधा प्रसंग निमित्त झाला. काही वर्षांपूर्वी बोईसर येथे एका माजी विद्यार्थ्याचे वडील भेटावयास आले. मुलगा तारापूर औद्योगिक क्षेत्रातील एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामास होता. गांजा सोडल्यापासून आठवडाभर त्याला झोप नव्हती, अन्न जात नव्हते, घरात कोणी बोलले की तो अंगावर धावून येई. वडिलांच्या हाती रजेचा छापील अर्ज होता आणि त्यातील ‘कारण’ हा रकाना तेवढा कोरा होता. “सर, इथं काय लिहू ते तुम्हीच सांगा. खरं लिहिलं तर पोराची नोकरी जाईल,” असे ते म्हणाले. अखेर त्यांनी ‘ताप’ असे लिहिले. त्यानंतर जुने कागद वाचताना असे आढळून आले की, हा रकाना भरण्याची अडचण सव्वाशे वर्षांहून अधिक जुनी आहे, आणि तो चुकीचा भरल्याचे परिणामही तितकेच जुने आहेत.

२. शब्दविचार

‘भांग’ हा शब्द संस्कृत ‘भङ्गा’ या शब्दापासून आला. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात ज्या वनस्पतींस संकटातून सोडविण्याची प्रार्थना केली आहे, त्यांत सोम, दर्भ आणि यव यांच्या जोडीने भङ्गेचा उल्लेख येतो. पाणिनीने पाचव्या अध्यायात शेतवाचक शब्दांची सिद्धी सांगताना तीळ, उडीद, जवस यांच्या पंक्तीत भङ्गेला बसविले आहे. म्हणजे पाणिनीच्या डोळ्यांसमोर नशा नसून शेतातले पीक आहे. पुढे शार्ङ्गधरसंहितेत हीच भङ्गा अफूच्या बरोबरीने ‘व्यवायी’ द्रव्याचे उदाहरण म्हणून येते. पचन होण्यापूर्वीच जे सर्व शरीरभर पसरते ते द्रव्य व्यवायी, अशी तेथील व्याख्या आहे. पीक, औषध आणि मादक पदार्थ हे एकाच वनस्पतीचे तीन अर्थ होत, आणि ते एकामागून एक नष्ट न होता एकमेकांवर साचत गेले आहेत.

‘गांजा’ हा संस्कृत ‘गञ्जा’ या रूपाशी संबद्ध आहे. ‘गांजणे’ या क्रियापदाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो; परंतु ध्वनिसाम्यापलीकडे त्यास आधार नाही. लोकव्युत्पत्तीचे हे एक नमुनेदार उदाहरण म्हणता येईल. १८४५ पासून हिंदी मजूर करारावर जमेकास नेण्यात आले. त्यांच्याबरोबर हा शब्द कॅरिबियन बेटांत गेला व तेथून जगभर पसरला.

व्यसनी माणसास मराठीने दिलेली नावे पाहण्यासारखी आहेत. ‘गांजेकस’ या शब्दातील ‘कस’ हा फारसी ‘कशीदन्’, म्हणजे ओढणे, या धातूकडून आला. ‘भंगड’ हा केवळ भांग पिणाराच नव्हे, तर बेभरवशाचा मनुष्यही होय. ‘भांगेत तुळस’ आणि ‘तुळशीत भांग’ या जोडम्हणींत भांग ही कुळाची हीनता दाखविते. ‘अमल’ हा अरबी शब्द तर विशेष लक्षणीय आहे. मूळ अर्थ काम, कृती असा. मराठीत तो एकीकडे राज्यकारभार आणि दुसरीकडे नशेचा अंगावरील प्रभाव असे दोन अर्थ घेऊन नांदतो. पेशव्यांचा अमल आणि भांगेचा अमल हे एकाच शब्दाने सांगता येतात. आजचा ‘अंमली पदार्थ’ हा सरकारी शब्दप्रयोग याच मुळापासून निघाला आहे.

राहिला ‘व्यसन’ हा शब्द. संस्कृतात त्याचा पहिला अर्थ संकट असा आहे. कौटिल्याच्या आठव्या अधिकरणात राजा, अमात्य, जनपद, कोश यांवर येणारी संकटे हीही व्यसनेच होत, आणि मृगया, द्यूत, स्त्री व मद्यपान हे पुरुषाचे दोषही व्यसनांतच मोडतात. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात कामजन्य दहा व क्रोधजन्य आठ अशी अठरा व्यसने मोजली आहेत. मराठीत आज संकटाचा अर्थ मागे पडून दोषाचा अर्थ तेवढा उरला आहे. हा अर्थसंकोच विचारात घेण्याजोगा आहे. कारण संकटात सापडलेल्यास मदत करावयाची असते, तर दोषी माणसास शिक्षा. त्या वडिलांच्या अडचणीचे एक मूळ या शब्दाच्या इतिहासात आहे.

३. वसईचा प्रदेश आणि गार्सिया द ओर्ता

१५३४ च्या डिसेंबरात गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांच्या स्वाधीन केला. तारापूर, केळवे-माहीम, डहाणू ही ठाणी पुढे दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे राहिली. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत ती मराठ्यांनी घेतली. या पोर्तुगीज काळातच भांगेच्या परिणामांचे एक फार महत्त्वाचे वर्णन लिहिले गेले. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत असे, आणि मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. त्याचा औषधी द्रव्यांवरील संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यातील एक संवाद ‘बांग’ या विषयावर आहे.

ओर्ताने दोन गोष्टी नोंदविल्या आहेत. पहिली याच बहादुरशहाविषयी. रात्री पोर्तुगाल, ब्राझील किंवा तुर्कस्तान येथे जावेसे वाटले म्हणजे आपण थोडी बांग खातो, असे सुलतानाने मार्तिम अफोन्सो द सोझा यास सांगितल्याचे तो लिहितो. दुसरी नोंद त्याच्या स्वतःच्या नोकरांची. ते मालकाच्या नकळत बांग घेत आणि त्यामुळे काम जाणवत नाही, मन आनंदी राहते व भूक लागते असे सांगत. सुलतान सफरीसाठी घेतो आणि नोकर श्रम जाणवू नयेत म्हणून घेतो, हा भेद ओर्ताने मुद्दाम मांडलेला नाही. तथापि त्याच्या नोंदींतून तो स्पष्ट दिसतो. बारा तासांच्या पाळीनंतर चिलीम ओढणारा बोईसरचा कामगार या दुसऱ्या वर्गातील होय. ओर्ताच्या लिखाणात पाप आणि गुन्हा यांची भाषा जवळजवळ नाही. तो केवळ विचारतो, ऐकतो व नोंदवितो.

४. १८९३ चा आयोग आणि ‘कारणाचा’ रकाना

१८३९ मध्ये कलकत्त्यास डॉ. विल्यम ओशॉनेसी यांनी भांग-गांजाच्या औषधी गुणांवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि हे द्रव्य युरोपीय वैद्यकात शिरले. त्याच शतकाच्या उत्तरार्धात मात्र गांजाने वेड लागते हा समज इंग्रज अधिकाऱ्यांत दृढ होत गेला. वेड्यांच्या इस्पितळांची वार्षिक कोष्टके हा त्याचा मुख्य आधार होता. मार्च १८९३ मध्ये मद्यपानविरोधी चळवळीतील सभासद विल्यम केन यांनी ब्रिटिश पार्लमेंटात हा प्रश्न उपस्थित केला, आणि जुलै १८९३ मध्ये हिंदुस्थान सरकारने मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. सात सभासदांपैकी तीन हिंदी होते : राजा शशिशेखरेश्वर रॉय, कुंवर हरनाम सिंग आणि लाला निहालचंद. आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी नोंदविल्या आणि १८९४ मध्ये अहवाल सादर केला.

मुंबई इलाख्यातील अबकारी व्यवस्था त्या वेळी १८७८ च्या कायद्यानुसार चाले. गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर व सातारा या देशावरील जिल्ह्यांत होई. कोकण हा पिकविणारा नव्हे, तर विकत घेणारा प्रदेश होता. याउलट ताडी आणि मोहाची दारू ही ठाणे जिल्ह्याच्या घरची द्रव्ये. येथील सरकारी लक्ष व लोकांचा असंतोष यांचे केंद्र ताडाचे झाड आणि मोहाचे फूल हे राहिले, गांजा नव्हे. पुढील इतिहास समजण्यास ही गोष्ट ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

आयोगाच्या कामातील भाषाशास्त्रज्ञास सर्वांत महत्त्वाचा वाटावा असा भाग म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींची तपासणी. १८९२ साली इस्पितळांत दाखल झालेल्या १३४४ रुग्णांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस लिहिलेले होते. आयोगाने यांतील एकेक प्रकरण उघडून पाहिले. तेव्हा असे दिसून आले की, रुग्णास आणणाऱ्या पोलिसांना वर्णनपत्रातील कारणाचा रकाना भरावाच लागे; नातेवाईक नसत, पूर्ववृत्त ठाऊक नसे; माणूस बैरागी किंवा भटका असला, किंवा त्याने कधी चिलीम ओढली असे कोणी सांगितले, की रकान्यात गांजा लिहून काम संपे. इस्पितळातील अधिकारी तोच शब्द आपल्या वहीत उतरवीत, वहीतून तो वार्षिक कोष्टकात जाई आणि कोष्टकावरून सिद्धान्त निघे. छाननीअंती २२२ पैकी ९८ प्रकरणांतच कारण मान्य करण्याजोगे ठरले. त्यांतही ६१ प्रकरणांत केवळ ही द्रव्ये व ३७ प्रकरणांत त्यांच्या जोडीला इतर कारणे होती. म्हणजे एकूण दाखल रुग्णांशी हे प्रमाण शेकडा ७ च्या आसपास येते.

आयोगाचा निष्कर्ष असा की, मर्यादित सेवनाने सामान्यतः अपाय होत नाही, अतिसेवनाने शरीर व मन दोन्ही बिघडतात. सबब पूर्ण बंदी न करता कर आणि परवाने यांनी आळा घालावा. या निष्कर्षाचा आधार घेऊन गांजा निरुपद्रवी असल्याचे प्रतिपादन आज अनेकदा केले जाते. ते योग्य नाही. आयोगाने ९८ प्रकरणे नाकारली नाहीत, मान्य केली. शिवाय सरकारला अबकारीचे उत्पन्न हवे होते, ही पार्श्वभूमी विसरता येत नाही. आयोगाकडून घ्यावयाचा धडा त्याच्या निष्कर्षापेक्षा त्याच्या पद्धतीत आहे. त्याने नोंदीतला शब्द आणि नोंदलेला माणूस यांची पुन्हा गाठ घालून दिली.

५. नौपाड्याचे इस्पितळ

१९०१ मध्ये ठाण्यास नौपाडा येथे वेड्यांचे इस्पितळ सुरू झाले. उत्तर कोकणातील रुग्णांस तेच जवळचे पडे. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा मुंबई-ठाण्याकडील टोमणा त्या इस्पितळाची देणगी होय. १८५८ चा व त्यानंतर १९१२ चा कायदा हे दोन्ही वेड्यांच्या ताब्याविषयीचे, म्हणजे मुख्यतः बंदोबस्ताचे कायदे होते. व्यसन सोडविणे हा त्यांचा विषय नव्हता. गांजाने भ्रमिष्ट झालेला मनुष्य आत ठेवला जाई आणि द्रव्य न मिळाल्याने काही आठवड्यांत ठीक झाला की परत धाडला जाई. तो ज्या कारणाने चिलमीकडे वळला होता ते कारण घरी तसेच वाट पाहत असे.

६. १९२२ ची देवी

शासकीय इतिहासाच्या बाहेर याच किनाऱ्यावर व्यसनमुक्तीचा एक मोठा लोकप्रयत्न घडला, त्याची नोंद येथे केली पाहिजे. तो गांजाविषयी नव्हे, दारू-ताडीविषयी होता. परंतु उपचाराच्या दृष्टीने तो अत्यंत बोधप्रद आहे. डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याचा तपशीलवार अभ्यास आहे. १९२२ च्या सुमारास उत्तर ठाणे किनाऱ्यावरील मांगेला मच्छीमारांत देवीच्या रोगाची शांती करण्याचा विधी सुरू झाला; तो पूर्वेकडे डोंगरातील आदिवासींत आणि उत्तरेस धरमपूर व सुरतेकडे पसरत गेला. अंगात आलेली देवी आज्ञा करी : दारू व ताडी सोडा, मांस वर्ज्य करा, रोज स्नान करा, दारूच्या दुकानदाराकडे कामास जाऊ नका. त्या वर्षअखेरीपर्यंत सुरत जिल्ह्यातील हजारो आदिवासींनी दारू टाकली होती.

या चळवळीत कोणीही एकटा दारू सोडीत नसे, गाव सोडी. ज्याच्याकडे पैसा जाई तो दुकानदार आणि ज्याच्या कर्जात गाव अडके तो जमीनदार पुष्कळदा एकच असल्याने व्यसनाचा त्याग हा पिळवणुकीचाही त्याग ठरे. पुढे अनेकजण पुन्हा पिऊ लागले. गुजरातच्या बाजूस न पिणाऱ्यांना ‘वरजेला’ आणि पुन्हा पिऊ लागलेल्यांना ‘सरजेला’ अशी नावे पडली. परत पिऊ लागलेल्यास जातीबाहेर न काढता एक वेगळे नाव देऊन समाजाने त्यास सामावून घेतले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. आजचे वैद्यकही व्यसनाकडे पुनःपुन्हा उलटणारा विकार म्हणून पाहते, आणि उलटणे म्हणजे उपचार व्यर्थ गेला असे मानीत नाही.

७. गुन्हेगार की रुग्ण?

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. त्याने दारूबरोबर इतर मादक द्रव्यांचे सेवनही गुन्हा ठरविले. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजाचा औषधाव्यतिरिक्त वापर २५ वर्षांच्या आत बंद करण्याचे बंधन आले, आणि त्यास अनुसरून भारताने १९८५ मध्ये गुंगीकारक औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांविषयीचा कायदा संमत केला. या कायद्यातील गांजाची व्याख्या पाहण्यासारखी आहे. झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळांचे शेंडे म्हणजे गांजा. त्यांविरहित पाने व बी ही त्या व्याख्येत येत नाहीत. त्यामुळे पानांची भांग केंद्रीय कायद्याबाहेर राहून राज्यांच्या नियमांखाली राहिली. एकाच झाडाचे एक अंग गुन्हा आणि दुसरे अंग परंपरा, ही विभागणी व्याख्येने घडविली आहे.

या कायद्यात सेवनाबद्दल शिक्षा आहे. त्याचबरोबर स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसास, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यापुरते, खटल्यापासून संरक्षण देणारे ६४-अ हे कलमही आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मद्य व मादक द्रव्ये यांच्या दुरुपयोगाशी निगडित अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या. म्हणजे कायद्यानेच एका हाताने ‘गुन्हेगार’ आणि दुसऱ्या हाताने ‘रुग्ण’ असे लिहून ठेवले आहे. बोईसरच्या त्या वडिलांना पहिला शब्द ठाऊक होता. दुसरा त्यांच्यापर्यंत पोहोचलेला नव्हता.

८. आजचे ज्ञान व आजचा प्रदेश

२८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरचे अणुवीज केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. पुढील दशकात बोईसरलगत औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायने, औषधे, कापड, पोलाद यांच्या कारखान्यांसाठी देशभरातून मजूर आले. कुटुंबापासून दूर, भाड्याच्या खोलीत चौघे-पाचजण, पाळ्यांचे काम आणि ठेकेदारी, अशी ही वस्ती आहे. १९२२ च्या गावाला जी सामूहिक शपथ घेता आली, ती घेणारे गावच येथे नाही, हा उपचाराच्या दृष्टीने मोठा फरक होय.

वैद्यकाचे ज्ञान मात्र या काळात फार पुढे गेले. गांजातील टीएचसी हे मुख्य कार्यकारी द्रव्य १९६४ मध्ये इस्रायलमधील गाओनी व मेशुलाम यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते मेंदूतील ज्या ग्राहकांना चिकटते त्यांचा शोध १९८८ मध्ये लागला. गांजाची सवय शारीरिक नसते हा जुना समज आता टिकत नाही. नियमित ओढणाऱ्याने तो एकाएकी सोडल्यास एक ते तीन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, निद्रानाश व अन्नावरील वासना जाणे ही लक्षणे दिसू लागतात, पहिल्या आठवड्यात ती तीव्र होतात आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतात. झोपेची तक्रार त्याहून अधिक काळ राहू शकते. त्या मुलाची अवस्था नेमकी हीच होती. गांजा ओढणाऱ्यांपैकी सुमारे शेकडा ९ जणांस व्यसन जडते; पौगंडावस्थेत आरंभ करणाऱ्यांत हे प्रमाण सहांत एक इतके होते. ज्यांची मूळ प्रकृती तशी असेल त्यांच्यात तीव्र व दीर्घ सेवनाने मनोविकृतीचा धोका वाढतो. १८९४ च्या आयोगाने मान्य केलेल्या ९८ प्रकरणांकडे आज या दृष्टीने पाहावे लागेल.

गांजाच्या व्यसनावर मान्यताप्राप्त असे खास औषध अद्याप नाही. उपचार मुख्यतः बोलण्याचा आहे : रुग्णाच्या स्वतःच्या इच्छेस बळ देणारे समुपदेशन, तलफ उत्पन्न करणारे प्रसंग ओळखून त्यांना तोंड देण्याचे शिक्षण, कुटुंबाचा सहभाग, आणि झोप वा चिंता यांसाठी वैद्याच्या देखरेखीखाली तात्पुरती औषधे. महाराष्ट्रात या कामाची परंपरा उभी आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्रे येथे सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचे केंद्र पालघर जिल्ह्यातच, वसईस आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या साहाय्याने पुण्यास ‘मुक्तांगण’ सुरू केले. ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू व्हावे, आणि तरीही तेथे येणाऱ्यास ‘वेडा’ न म्हणता ‘मित्र’ म्हणून वागवावे, हा जुन्या व नव्या दृष्टींतील फरक होय.

गरज किती आहे हे २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीवरून दिसते. त्या पाहणीनुसार देशात सुमारे ३.१ कोटी लोक भांग, गांजा वा चरस यांचे सेवन करतात, आणि त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना त्यामुळे उद्भवलेल्या त्रासासाठी मदतीची आवश्यकता आहे. दोन आकड्यांतील अंतर लक्षात घ्यावे. सेवन करणारा प्रत्येकजण रुग्ण नव्हे, आणि रुग्णांची संख्याही थोडी नव्हे. पहिली गोष्ट विसरल्यास १८९२ च्या कोष्टकाची चूक पुन्हा होते. दुसरी विसरल्यास त्या ९८ जणांचा विसर पडतो.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, या प्रदेशात गांजाचा माणूस क्रमाने ओर्ताचा नोकर, पोलिसांच्या वर्णनपत्रातील वेडा, कायद्यातील गुन्हेगार आणि अखेर रुग्ण झाला. नवे नाव आल्यावर जुने गेले असे मात्र झाले नाही. चारही नावे आज एकाच वेळी वापरात आहेत, आणि कोणते नाव आधी उच्चारले जाते त्यावर माणूस चौकीत जातो, मांत्रिकाकडे जातो की दवाखान्यात, हे ठरते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी पालघर जिल्ह्यातील वाडवळी, मांगेली, वारली इत्यादी बोलींत आणि बोईसरच्या स्थलांतरितांच्या हिंदीत व्यसन, तलफ, सुटका या अर्थांचे शब्द गोळा केल्यास ते काम केवळ कोशाचे राहणार नाही. समुपदेशकास रुग्णाशी कोणत्या शब्दाने बोलावे हे त्यावरून कळेल.

त्या मुलाविषयी एवढेच सांगावयाचे की, त्याचा ‘ताप’ दोन आठवड्यांनी उतरला आणि तो पुन्हा कामावर गेला. चार महिन्यांनी त्याने पुन्हा चिलीम हाती घेतली. या वेळी वडील त्यास घेऊन दवाखान्यात गेले, आणि तेथील कागदावर खरे कारण त्यांनी स्वतः सांगून लिहविले.